एक पार्ट उरला

गाडी चालू झाली, आणि हा उरला.
मुठीएवढा, ओतीव लोखंडाचा; एका अंगाला वाटीसारखा खळगा,
दुसऱ्या अंगाला बोट जाईल एवढं भोक, आत झिजलेले आटे.
घासलेटने धुतला तेव्हा चार आकडे दिसले,
त्यातला तिसरा सहा की आठ, भिंग लावूनही ठरेना.

चेसिस छोटा हत्तीवर, बाकी सगळी पोत्यात,
अशी आली होती ही बीएसए माझ्याकडे, अमळनेरला,
डॉक्टर खैरनारांच्या गोठ्यातून, कडब्याखालून.
पुण्याचा नातू फोनवर म्हणाला, उभी करा काका, पैशाचं बघू.
सात महिने लेथवर तिचे बुश, पिना, स्पिंडल कातत बसलो.
नट नव्हता तिथे नट केला, माहिती नव्हती तिथे अंदाज.
अकराव्या किकला बोलली.
पोतं झटकलं तर फरशीवर खण्ण: हा.

इंजिनाचा नाही. गिअरबॉक्सचा नाही.
मॅन्युअलची झेरॉक्स बोट ठेवून पान पान पाहिली;
प्रत्येक भोकात काहीतरी होतं,
कुठलीच जागा याच्यासाठी रिकामी नव्हती.

भुसावळच्या शेडमधून रिटायर झालेले फिरके फिटर म्हणाले,
रेल्वेचा असता तर नंबर मला तोंडपाठ असता.
इस्माईल पिंजारीने टिचकी मारून आवाज ऐकला,
म्हणाला, लिस्टर पंपाचा.
त्याला सगळंच लिस्टर पंपाचं वाटतं.
धुळ्याच्या भंगारवाल्याने काट्यावर टाकला: सहाशे वीस ग्रॅम.
तेवढं एक उत्तर बरोबर होतं.
शेवटी सुनेने खळग्यात धूप लावायला सुरुवात केली.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.
गाडी डावीकडे ओढायची.
पारोळा रोडला हात सैल सोडले की हळूच, डावीकडे,
जेवताना म्हातारं माणूस सवयीने शेजारच्या पाटाकडे वळतं तशी.
तीनदा चाक काढलं, दोरी लावून लाइन धरली.
माझाच हात वाकडा असेल, म्हटलं.

कौतिकबाई बैसाणे वॉकरचा घासलेला पाय घेऊन आल्या.
चौऱ्याऐंशीच्या; डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या नर्सबाई.
स्टुलावर बसल्या, समोर हा.
धुपाची राख फुंकली, खळग्यात अंगठा घालून फिरवला,
"हाई मना बाजूनं शे."

कोणत्या बाजूचं?
त्या उठल्या, भिंत धरत गाडीच्या डाव्या अंगाला गेल्या,
आणि जिथे काहीच नव्हतं तिथे, गुडघ्याच्या उंचीवर,
हवेत हात ठेवला, पत्र्यावर ठेवावा तसा.
इथे होडी होती, म्हणाल्या. साइडकारला गाव होडी म्हणायचं.
मारवड, डांगरी, कळमसरे, रात्री दोनला, तीनला;
मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली कात्री, अजून गरम.
डॉक्टर बोलायचे नाहीत. खड्डा आला की फक्त, धरा.
बोरीच्या वाळूत चाक रुतलं की हा खालून रडायचा.
ग्रीस कुठलं? एरंडेल सोडायची मी,
बाळंतिणीचं उरलेलं.

मग विचारलं, होडी कुठाय?
मी वॉकरचा पाय बसवत राहिलो.

चेसिसच्या डाव्या नळीवर दोन पट्टे होते,
बोटभर रुंद, चकचकीत, घासून खोल गेलेले.
छोटा हत्तीवरून उतरवली त्याच दिवशी मी ते पुट्टीने बुजवले,
वर तीन हात काळा रंग, त्यावर पॉलिश.
फार सुरेख बसली होती पुट्टी. हात फिरवला तरी कळत नव्हतं.

बाई गेल्यावर शटर अर्धं ओढलं.
पुण्याचा फोन वाजला, वाजू दिला.
दोनशे नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवला
आणि मांडी घालून बसलो घासायला,
डावीकडून.